मेंदूच्या वळ्या आणि त्यांखालचे विभाग

मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या आणि खाचा नुसत्या डोळ्यांना दिसतात. पेशींच्या मांडणीनुसार पडलेले विभाग मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच उलगडतात. या दोन्हींचा मेळ शोधण्याचा इतिहास मोठा आहे. १७७६ मध्ये इटलीत फ्रांचेस्को जेन्नारी यांना मेंदूच्या मागच्या भागात एक पांढरी रेघ आढळली. पुढे ती प्राथमिक दृष्टिक्षेत्राची खूण ठरली.

१९०९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियन ब्रोडमान यांनी रंगवलेल्या पातळ कापांवरून क्षेत्रांना क्रमांक दिले. त्यांच्या नकाशात हालचालींचे क्षेत्र ४ मध्यवर्ती खाचेच्या पुढे आणि स्पर्शाची क्षेत्रे मागे येतात. दृष्टीचे क्षेत्र १७ मागच्या बाजूच्या एका खोल खाचेभोवती असते. अशा ठिकाणी खाचेवरून क्षेत्राची जागा बऱ्यापैकी ओळखता येते.

इतरत्र हा नियम टिकत नाही. १९९९ मध्ये कात्रिन आमुंट्स आणि सहकाऱ्यांनी १० मेंदू तपासले. वाणीशी निगडित क्षेत्रे ४४ व ४५ यांच्या सीमा खाचांशी नेमक्या जुळत नव्हत्या, आकारही व्यक्तीगणिक बदलत होता. २००८ मधील एका अभ्यासानेही हेच दाखवले: प्राथमिक क्षेत्रांची जागा घड्यांवरून चांगली ओळखता येते, उच्चस्तरीय क्षेत्रांची कमी. म्हणून आजचे नकाशे अनेक मेंदूंवरून शक्यतेच्या भाषेत मांडले जातात.