प्रस्तावना : ऊसतोडीचा अड्डा आणि एमआयडीसीची खोली

स्थलांतरितांवर अभ्यास करायचा म्हटलं की आपले विद्यार्थी पहिला विषय सांगतात तो आखाती देशांचा, दुसरा न्यूजर्सीचा आणि फार तर तिसरा मुंबईच्या गिरणगावाचा. या पुस्तकातले लेख बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांबाहेर फारसे पडत नाहीत. पडायची गरजही नाही. हंगामात भिगवण रस्त्यावर तासभर थांबावं. एमआयडीसीत तीनचाकींपासून चीज-चॉकलेटपर्यंत सगळं बनतं. तिथल्या पाळ्या सुटतात तेव्हा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातली पोरं डबे हलवत बाहेर येतात, आणि त्यांच्या शेजारून उसाच्या ट्रॉल्या माळेगाव नाहीतर भवानीनगरच्या कारखान्याकडे जातात. ट्रॉल्यांमागच्या टोळ्या बीडच्या, पाथर्डीच्या. दोघंही परगावचे, दोघांच्याही डोक्यावर मधला माणूस, आणि दोघांना एकमेकांचं नावगाव माहीत नाही.

या दोन समाजांची तुलना कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. आणि पहिल्याच पानावर सांगून टाकतो की ‘जास्त हाल कोणाचे?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला आलेल्या वाचकाची इथे निराशा होईल. तो प्रश्न वर्तमानपत्राच्या पुरवणीला ठीक आहे. अभ्यासकाने विचारायचं ते असं की एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, परगावाहून आलेल्या दोन माणसांना दोन वेगळ्या तऱ्हांनी कामाला का लावलं जातं, आणि त्यातून त्यांच्या पोराबाळांचं काय होतं.

आधी ‘स्थानिक’ कोण, हे पाहू. 1876-78 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला, तोवर हा मुलूख कोरडवाहूच होता. पाणी आलं तरी ऊस करायची हातोटी इथल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे नव्हती. ती घेऊन सासवडचे माळी कालव्याच्या कडेकडेने खाली सरकले, खंडाने जमिनी करत गेले, आणि पुढे माळशिरस तालुक्यात माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी वसवलेल्या वालचंदनगरला तर गावच बाहेरच्या माणसांचं झालं. त्यानंतर 1980 च्या सुमाराला उजनी धरण भरलं आणि भीमाकाठची पळसदेवसारखी गावं पाण्याखाली जाऊन लोक आपल्याच तालुक्यात विस्थापित झाले. म्हणजे आज ‘बाहेरच्यांनी गर्दी केली’ असं म्हणणाऱ्याचा आजा किंवा पणजा कुठून आला, हेही विचारून घ्यावं. सभ्यपणे विचारलं तर लोक आनंदाने सांगतात.

कालव्याचं पाणी या शिवारात फिरू लागलं त्याच दशकात, 1885 साली, लंडनमध्ये रॅव्हेनस्टाइन नावाच्या गृहस्थांनी स्थलांतराचे ‘नियम’ मांडले. बहुतेक माणसं जवळच्याच ठिकाणी जातात आणि जवळच्या अंतरात बायकाच पुरुषांपेक्षा जास्त जागा बदलतात, ही त्यांची दोन निरीक्षणं अजून टिकून आहेत. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशातले 45 कोटींहून जास्त लोक स्थलांतरित भरले. त्यांत सगळ्यांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. जनगणना तुमचं आधीचं राहतं ठिकाण विचारते. पण पाच महिने ऊस तोडून पाडव्याच्या आगेमागे परत जाणारं जोडपं त्या रकान्यात नीट बसत नाही. त्यामुळे नुसत्या सरकारी तक्त्यांवर विसंबून तुलना केली तर दोनपैकी एक समाज मुळातच गायब होतो.

ऊसतोड कामगार मोजायचा तर कोयत्यात मोजावा लागतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटाच आला तर अर्धा कोयता. टोळी आणणाऱ्या मुकादमाची वही पाहायला मिळाली तर पहिल्या काही पानांतच पुष्कळ समजतं. डावीकडे नाव, पुढे उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, रक्कम, कधी दिली त्या तारखा, मध्येच ‘दवाखाना’ किंवा ‘लग्न’ म्हणून वाढवलेले आकडे, आणि उजवीकडे टनावारी वळती केलेली रक्कम. नाव मात्र नवऱ्याचं एकट्याचं. ऊस तोडायला, मोळ्या बांधायला आणि डोक्यावरून गाडीत चढवायला बायको बरोबरीने आहे. पहाटे तीनला उठून भाकरी थापायला ती एकटीच आहे. वहीत ती नाही. पाळीच्या दिवसांत काम बुडालं तर खाड्याचे पैसे मात्र जोडीच्या हिशेबातून जातात. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 साली चौकशी झाली, तेव्हा पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आरोग्याचा हा आकडा मजुरीच्या हिशेबापासून तोडून वाचू नये. या पुस्तकात तो मजुरीच्याच प्रकरणात घेतला आहे, तो त्यामुळेच.

एमआयडीसीतला कामगार हजेरीत मोजला जातो. रुई, सूर्यनगरी, जळोची, तांदूळवाडी या बाजूंना खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या याच हजेरीवर. एका खोलीत चार-सहा जण, पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा होतो. दारामागच्या खिळ्यावर गेटपास, कोपऱ्यात तांदळाचं पोतं, आणि मोबाइलमध्ये पगाराची चिठ्ठी. ही चिठ्ठी अभ्यासकाने नीट वाचायला शिकली पाहिजे. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के आणि राज्य विमा योजनेचा पाऊण टक्का कापलेला असतो. पण ठेकेदार बदलला की नवा खातेक्रमांक काढला जातो, आधारवर नावाचं स्पेलिंग एक आणि खात्यात दुसरं, आणि गावी गेल्यावर ते पैसे काढायचे कसे हे सांगणारं कोणी नसतं. कापलेले पैसे पोटात घालून किती जण गावी परततात, याचा शोध आपल्याकडे अजून कोणी मन लावून घेतलेला नाही. एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय हवा असेल तर हा घ्यावा.

आता मजुरीकडे. जानेवारी 2024 च्या समझोत्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाचा दर साडेतीनशेच्या पुढे गेला. चांगला फड मिळाला तर एक कोयता दिवसात दोन टनांपर्यंत तोडतो. म्हणजे दोन माणसांच्या, पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंतच्या कामाचे सातशे-साडेसातशे. वर वाढे विकून चार पैसे. एमआयडीसीतल्या हेल्परच्या दिवसाच्या पगाराशेजारी हा आकडा ठेवला की अनेकांना वाटतं, तुलना झाली. ती झालेली नसते. हेल्परचा पगार एका माणसाचा, आठ तासांचा, वर ओव्हरटाइम वेगळा. कोयत्याचे पैसे दोघांचे, आणि तेही आधीच खर्च झालेले, कारण उचल श्रावण-भाद्रपदातच घेतलेली असते. हंगाम नव्वद-शंभर दिवसांत आटोपला तर उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या वर्षावर चढते. उलट बाजूही बघा. हेल्परच्या पगारातून खोलीचं भाडं, खानावळ किंवा रेशन, रेल्वेचं तिकीट आणि गावी पाठवायचे पैसे जातात. कोयत्याला भाडं नाही, कारण अड्ड्यावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, भाडं कोण मागणार! म्हणून माझा आग्रह असा की तुलना दिवसाची नको, वर्षाची हवी. माणसाची नको, घराची हवी. आणि कर्जाची पाटी पहिल्या दिवशी कोरी होती की नव्हती, हे आधी नोंदवायला हवं. या तीन अटी पाळल्या नाहीत की कोणताही निष्कर्ष काढून दाखवता येतो.

कायद्याकडे वळलं की गंमत सुरू होते, कडू असली तरी. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 मध्ये कायदा झाला. तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. 2020 च्या संहितेने स्वतःहून आलेल्या कामगारालाही त्यात घेतलं, पण सीमेची अट कायम ठेवली. देवरिया किंवा सिवानचा पोरगा कागदावर तरी या कायद्यात येतो. शिरूर कासारचं जोडपं येत नाही, कारण ते महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच आलेलं आहे. औद्योगिक सवलती घेणाऱ्या कारखान्यांत 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असं राज्याचं धोरण सांगतं आणि तिथे स्थानिक म्हणजे राज्याचा रहिवासी. म्हणजे उसाच्या फडात कोपी टाकून राहणारा माणूस सरकारी व्याख्येने स्थानिकच. व्यवहारात मात्र त्याच्या मुलाला जवळच्या शाळेत बसवून घ्यायलाही खटपट करावी लागते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी कार्ड असे उपाय निघाले ते याच फटीत.

राजकारणात चित्र उलटं दिसतं, आणि मला या विषयातली सगळ्यांत विचार करण्याजोगी जागा हीच वाटते. ज्यांना कायदा ओळखत नाही त्या ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत, त्यांचे ‘कोयता बंद’चे संप गाजले आहेत, गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांच्या लवादाने त्यांचे दर ठरवले आहेत आणि साखर संघाबरोबर त्यांचा राज्यभर लागू होणारा करार होतो. मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याची तरतूद आहे. 2024 मध्ये गाळप 15 नोव्हेंबरला सुरू व्हायचं होतं आणि विधानसभेचं मतदान 20 तारखेला होतं. मतदान उरकल्याशिवाय टोळ्या हलणार नाहीत, हे कारखानदारांनाही कळत होतं. एमआयडीसीतल्या परप्रांतीय कंत्राटी कामगाराच्या मागे असं काही नाही. त्याचं मत गावाकडे, नेता गावाकडे, आणि इथल्या युनियनमध्ये बहुधा फक्त कायम कामगार. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या ऊसतोड कामगारांना गावी सोडण्याचा निर्णय राज्याने घेतला. परप्रांतीयांसाठीच्या श्रमिक रेल्वे 1 मेपासून सुटू लागल्या. दोन-तीन आठवड्यांचं अंतर फार नाही. पण आवाज कोणाचा कुठे पोचतो, हे त्यावरून दिसतं.

तरीही संघटनेमुळे कोयत्याची स्थिती बरी आहे, असं मी म्हणणार नाही. हेल्परला ऑपरेटर व्हायची शिडी आहे. तिच्या पायऱ्या मोडक्या आहेत, पण आहे. कोयत्याला फार तर मुकादम होता येतं, आणि मुकादमाने उचल बुडवली म्हणून कारखान्याने, नाहीतर कामगाराने उचल बुडवली म्हणून मुकादमाने एकमेकांमागे धावण्याचे प्रकार दर वर्षी पोलिस ठाण्यापर्यंत जातात. कारखाना म्हणतो, करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो, माणसं मुकादमाची.

जगाच्या नकाशावर पाहिलं तर हा उसाचा आणि उचलीचा खेळ नवा नाही. 1834 पासून मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेले बहुसंख्य लोक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यातले होते, आणि त्यांच्याबरोबर कोकणातले मराठीही होते. ज्यांचे पूर्वज परदेशात ऊस तोडायला गेले, त्यांच्याच मुलखातली पोरं आज बारामतीत यंत्रावर उभी आहेत आणि ऊस मराठवाड्याकडे आला आहे. गुजरातेत बारडोलीच्या कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या टोळ्यांचा यान ब्रेमन यांनी केलेला अभ्यास या क्षेत्रात येणाऱ्याने आधी वाचावा. खुद्द नीरेच्या कालव्यावरच्या ऊस-अर्थकारणावर डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी लिहिलेलं आहे. दोघांची मतं जुळत नाहीत, हे उत्तमच.

बदल वेगाने होत आहेत. तोडणी यंत्रं शिवारात दिसू लागली आहेत, इंदापूरला लोणी देवकरची एमआयडीसी वाढते आहे, आणि खोल्यांच्या रांगांमध्ये आता बायकामुलंही दिसतात. अशा वेळी तुलना एका हंगामात संपवू नये.

कामाला कधी लागावं, असं विद्यार्थी विचारतात. बहुतेक जण डिसेंबरात अड्ड्यावर जातात, फोटो चांगले मिळतात, पण तेव्हा बोलायला कोणाला सवड नसते. उचल वाटली जाते त्या पावसाळ्यात पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डीकडे जावं आणि तीच घरं मे महिन्यात पुन्हा गाठावीत, वही सोबत ठेवून. एमआयडीसीच्या खोल्यांसाठी सुट्टीचा दिवस आणि दुपारची वेळ बरी. छठच्या आसपास मात्र जाऊ नये. खोल्यांना कुलपं असतात, आणि भेटलेच तर तिकीट मिळालं की नाही याखेरीज ते दुसरं काही बोलत नाहीत.