जुन्या भाड्याची पेन्शन

मुंबईतल्या जुन्या बिऱ्हाडांत भाडेपावत्या ठेवायची जागा ठरलेली असते. लोखंडी कपाटाचा आतला खण. तिथे मंगळसूत्राच्या डबीशेजारी, विम्याच्या कागदांखाली, रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा असतो. पावतीवर मालकाच्या इस्टेटीचं नाव, खोलीचा नंबर आणि भाडेकरूचं नाव. ते बहुधा वारलेल्या आजोबांचं. भाड्याचा आकडा असा, की तेवढ्या पैशांत आज चार माणसांचा वडापावही व्हायचा नाही. तरी घरातली म्हातारी माणसं या गठ्ठ्याला सोन्याइतकं जपतात. कारण बेताच्या पेन्शनीवर, स्वतःचं घर नसताना म्हातारपण काढायचं कसं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर गेली सत्तर-ऐंशी वर्षं या कागदात होतं. पेन्शन माणसाला निवृत्तीनंतर मिळायची. गोठलेलं भाडं मात्र तो तिशीत असल्यापासून त्याच्या म्हातारपणाची सोय करत होतं.

भाडे-नियंत्रणाचा कायदा येण्याआधी गिरणी कामगाराचं गणित वेगळं होतं. तो मुंबईत म्हातारा होतच नसे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला गडी परळ-लालबागला एखाद्या गाळ्यात दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राही. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, गावी मनीऑर्डर करायची. कित्येक गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या स्वतःच्या खोल्या होत्या. महिन्याची ठरलेली रक्कम दिली की पथारी टाकायला जागा आणि ट्रंक ठेवायला कोपरा मिळे. गोव्याहून आलेल्या खलाशांसाठी धोबी तलाव भागात गावागावांची ‘कुडं’ होती, तीही याच धर्तीची. अंगात दम असेतो मुंबई, हातपाय थकले की गाव. निवृत्तीचा खर्च गावची जमीन आणि घरातली बाई उचलत होती. गिरणीमालकाच्या आणि सरकारच्या हिशेबात तो कुठेच येत नव्हता.

शहराने कामगाराच्या निवाऱ्याकडे पाहिलं तेही साथीमुळे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. १९२० मध्ये सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याच्या २०७ बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला आजही ओळखीच्या आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास समाईक. गंमत अशी, की बांधून झाल्यावर यातल्या बऱ्याच खोल्या ओस पडल्या, कारण त्यांचं भाडं कामगाराला झेपेना. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या काही चाळींत सरकारने सत्याग्रही कैदी ठेवले. ज्या खोलीसाठी पुढे भावाभावांत कोर्टबाजी झाली, ती त्या काळी फुकट कैद्यांच्या वाट्याला आली होती.

भाड्यावर लगाम घातला तो महायुद्धांनी. पहिल्या युद्धातल्या महागाईत १९१८ चा भाडे-नियंत्रण कायदा आला आणि काही वर्षांनी मावळला. दुसऱ्या युद्धात पुन्हा तीच वेळ आली. त्यातून पुढे ‘मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याचा कणा म्हणजे ‘प्रमाणभूत भाडं’: १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं, तेच. कर वाढले तर तेवढी वाढ भाडेकरूकडून घेता येई. बाकी आकडा जागच्या जागी. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना तात्पुरती म्हणून केलेली ही सोय मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालली.

या कायद्याची खरी ताकद भाड्याच्या आकड्याइतकीच वारसाच्या कलमात होती. भाडेकरू वारला, की त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण जाई. त्यामुळे विधवेला घर सोडावं लागत नसे आणि मुलगा बापाच्याच खोलीत संसार मांडी. बाप निवृत्त होताना तीच खोली त्याच्या म्हातारपणाची जागा राही, फक्त झोपायचा कोपरा बदले. पावती कुणाच्या नावावर आहे, यावर घराघरांत अबोले धरले गेले. मालकाने भाडं घ्यायला नकार दिला, तर जाणता भाडेकरू ते मनीऑर्डरने पाठवी आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेला फॉर्मही त्याच गठ्ठ्यात ठेवी. उद्या लघुवाद न्यायालयात भाडं थकवल्याचा दावा लागला, तर तोच कामाला येणार, हे त्याला ठाऊक असे.

पुण्यातही चित्र असंच होतं, फक्त चाळीऐवजी वाडा. पेन्शनरांचं गाव ही पुण्याची ख्याती काही फक्त हवेमुळे झाली नाही. निवृत्त मास्तर, कारकून, पोस्टखात्यातले लोक सदाशिव-नारायण पेठांतल्या वाड्यांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहू शकत होते. मालक माडीवर, भाडेकरू चौकाच्या कडेने. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली असंख्य बिऱ्हाडं वाहून गेली. वाड्याबरोबर जुनं भाडंही गेलं. गोखलेनगर, लोकमान्यनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतींत त्या कुटुंबांनी नव्याने चूल मांडली.

त्या काळातल्या मिळकतीकडे पाहिलं, तर गोठलेल्या भाड्याचं महत्त्व कळतं. पेन्शन ही मुळात सरकारी नोकराची गोष्ट. तिच्या हक्काचा गाजलेला निकाल आला तो १७ डिसेंबर १९८२ ला. डी. एस. नाकरा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीतली बक्षिसी नाही. न्या. डी. ए. देसाई यांनी तो निकाल लिहिला आणि पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर आजही ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात. गिरणी, छापखाना, पेढी, दुकान यांत राबणाऱ्याला मात्र दरमहा काही नव्हतं. १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड आला, १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटी. दोन्ही एकरकमी. त्या रकमेत मुलीचं लग्न, गावच्या घराची कौलं आणि उरलंसुरलं पोस्टात. भाडं महिन्याला वीस-तीस रुपये असलं, की पोस्टाच्या व्याजावर आणि मुलाच्या पगारावर घर चालून जाई.

शिवाय एक वाट कायद्याबाहेरची होती: पागडी. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी मुंबईत ती सर्रास चाले. म्हातारपणी खोली सोडायची ठरली, की नवा भाडेकरू गाठायचा, मोठी रक्कम रोखीत घ्यायची, त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा वाटा मालकाला द्यायचा आणि त्याने पावती नव्या नावावर करायची. हातात आलेल्या पैशांत डोंबिवलीला किंवा बोरिवलीला मालकीचा ब्लॉक घ्यायचा. गिरगाव-दादरची मराठी घरं उपनगरांत गेली, ती पुष्कळदा अशी पागडीच्या पैशावर. जी खोली आपली नाही ती विकून मिळवलेली ही ग्रॅच्युइटीच होती.

या सगळ्याची किंमत कुणीतरी मोजतच होतं. मालक म्हटला की धर्मादाय ट्रस्ट, बडा भाटिया किंवा पारशी जमीनदार डोळ्यांसमोर येतो. पण नवऱ्याने आयुष्याची कमाई घालून बांधलेल्या एकमजली चाळीच्या भाड्यावर जगणारी विधवाही मालकच होती, आणि भाडं हीच तिची पेन्शन. ती १९४० च्या आकड्यावर अडकली. भाडं गोळा करणाऱ्या मेहताजीचा पगारही सुटेनासा झाला. मग गच्ची गळो की जिना खचो, दुरुस्तीला हात कोण घालणार? पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि भाडेकरूंवर उपकर बसवला. उपकरप्राप्त इमारतींचा आकडा १९ हजारांवर होता. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं गेलं: ७० टक्के भाडेकरू तयार असतील, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत संपादन करता येईल. भाडं पन्नास रुपये असेल, तर खोलीमागे पाच हजार.

मालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्या वादातून निघालेल्या घटनात्मक मुद्द्यावर नऊ न्यायाधीशांचं पीठ ५ नोव्हेंबर २०२४ ला बोललं: प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येणार नाही. त्या पीठाचे प्रमुख होते धनंजय चंद्रचूड. पेन्शनरांच्या हक्काचा निकाल वडिलांच्या पीठाने दिला होता, मालमत्तेचा मुलाच्या.

गोठलेल्या भाड्याचं दार बंद व्हायला सुरुवात झाली ती भाडेकरूंचं भलं करायला गेल्यावर. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कुणी लिव्ह अँड लायसन्सवर राहत होता, त्याला कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने थेट भाडेकरूचं संरक्षण मिळालं. आत होते ते तरले. बाहेर होते त्यांच्यासाठी मालकांनी कुलूप घातलं. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघणार नाही, ही धास्ती बसली. रिकामे ब्लॉक रिकामे राहिले आणि अकरा महिन्यांचा करार हा शहराचा रिवाज झाला. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४० चं भाडं गोठवून ठेवणं अवाजवी ठरवलं. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूंना त्याने हात लावला नाही. फक्त दरसाल ४ टक्के वाढ दिली आणि पागडी कायदेशीर केली. लायसन्सवाल्याला मात्र मुदत संपली की जागा खाली करणं बंधनकारक झालं.

तेव्हापासून एकाच मजल्यावर दोन म्हातारपणं नांदू लागली. पागडीच्या खोलीचं पन्नास रुपये भाडं दरसाल ४ टक्के, तेही चक्रवाढीने वाढलं, तरी पंचवीस वर्षांनी १३३ रुपये होतं. शेजारी लायसन्सवर पंधरा हजारांनी राहणाऱ्याचं भाडं दरसाल फक्त ५ टक्क्यांनी वाढलं, तर पंधरा वर्षांत ते एकतीस हजारांवर जातं. शिवाय डिपॉझिट, दलाली, नोंदणीचा खर्च आणि दर दोन-तीन वर्षांनी टेम्पो.

आणि त्याची पेन्शन? १६ नोव्हेंबर १९९५ पासून खाजगी नोकरदारासाठी कर्मचारी पेन्शन योजना आली. तिला सगळे ‘ईपीएस-९५’ म्हणतात. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. खरी मेख पगाराच्या मर्यादेत आहे. ती आधी पाच हजार होती, २००१ पासून साडेसहा हजार, १ सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजार. १९९७ मध्ये नोकरीला लागून २०१२ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्या माणसाचा पगार कितीही असो, मर्यादेवर पेन्शन भरली असेल तर हिशेब साडेसहा हजारांवर: १५ वर्षं, भागिले ७०, म्हणजे महिना १,३९३ रुपये. पंधरा हजारांच्या मर्यादेत पस्तीस वर्षं धरली तरी साडेसात हजारांवर सूत्र जात नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार ठरली. सरकारी पेन्शनरासारखा महागाई भत्ता तिला नाही. म्हणजे पूर्वी मिळकत आणि भाडं दोन्ही गोठलेली असत. आता गोठते ती फक्त पेन्शन.

जुनी खोली असण्या-नसण्याचा हा फरक गिरणगावाने सर्वांत आधी अनुभवला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेकांची नोकरी गेली, पण खोली राहिली. ती होती म्हणून घरं तगली. गिरण्यांच्या जमिनीवरची घरं मिळायला २०१२ ची सोडत उजाडली. तिच्यात ६,९२५ घरं होती आणि अर्जदार कामगार नि वारस दीड लाखांच्या घरात. पोलिसांचं दुखणं निराळं: आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये काढायचं आणि निवृत्तीच्या महिन्यात छप्पर शोधायचं. बीडीडीतल्या निवृत्त पोलिसांना पुनर्विकासातलं घर देण्याचा दर सरकारने २०२२ मध्ये उतरवत पंधरा लाखांवर आणला.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांचं भाडेकरूपण मालकीत बदललं. त्याबरोबर लिफ्ट, पंप, सफाई आणि सोसायटीच्या देखभालीचं महिन्याचं बिल आलं, जे १६० चौरस फुटांच्या खोलीत कधी नव्हतं. टॉवरात गेलेल्या निवृत्तांच्या बैठकीत आता भाड्याऐवजी मेंटेनन्सची चर्चा असते.

ईपीएसच्या पेन्शनरांचं आंदोलन बुलढाण्यातून उभं राहिलं. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली किमान साडेसात हजार रुपये आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी आहे. ती उद्या मान्य झाली, तरी पंधरा हजारांच्या लायसन्सच्या घराचं निम्मंच भाडं त्यातून भागेल. अकरा महिन्यांच्या करारांवर आयुष्य काढलेली पहिली मोठी पिढी आता साठीला पोचते आहे. तिच्या कपाटात करारांच्या फायली आहेत, पण त्यांतला एकही कागद बायकोच्या किंवा मुलाच्या कामाचा नाही. गिरणी कामगाराप्रमाणे गावी परतायचं म्हटलं, तर वाटणीत राहिलेल्या गुंठ्यांवर घर बांधायला पुन्हा तीच प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम मोडावी लागते. त्यामुळे बहुतेक जण आपला टेम्पो बदलापूर, विरार, आसनगावच्या दिशेने आणखी दोन स्टेशनं पुढे नेत आहेत.