डून स्कूलचे गिर्यारोहण: गुरू कोण, शिष्य कोण?

भारतीय गिर्यारोहणाचा इतिहास बहुधा शिखरांच्या यादीने सांगितला जातो. १९५१ साली गुरदयाळ सिंग यांनी त्रिशूळ सर केले, तेथून पुढे. ते देहरादूनच्या डून स्कूलमध्ये शिक्षक होते, हे मात्र ओझरते येते. १९३५ साली निघालेल्या या शाळेत मार्टिन, गिब्सन, होल्ड्सवर्थ हे इंग्रज शिक्षक विद्यार्थ्यांना हिमालयाची वाट दाखवत. होल्ड्सवर्थ तर १९३१ सालीच ७,७५६ मीटर उंचीचे कामेत चढून आलेले! शाळा धनिकांची, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१९४६ च्या बंदरपूंछ मोहिमेत गिब्सन यांच्याबरोबर शाळेचे माजी विद्यार्थी नंदू जयाल होते, आणि शेर्पा म्हणून तेनसिंग नोर्गे. शिखर हुकले. डोंगरावर त्या वेळी कोण कोणाला शिकवत होते, हे ठरवणे अवघड नाही. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. प्राचार्यपदी जयाल आले. एव्हरेस्टवीर तेनसिंग प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख, म्हणजे त्यांच्या हाताखाली. जयाल यांची योग्यता वादातीत होती. १९५८ साली चो ओयूच्या मोहिमेतच त्यांनी देह ठेवला. पण प्राचार्याला लेखणी लागते, आणि तेनसिंग यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे १९५५ चे आत्मचरित्रही जेम्स रॅम्झी उलमन यांनी त्यांच्या तोंडून ऐकून लिहिले.