वळणावरचा तोल

सायकलीवर बसून आपण डावीकडे वळता, तेव्हा हँडल प्रथम कोणत्या बाजूस नेता? “डावीकडे, दुसरे काय?” असेच आपण म्हणाल. अमेरिकेत डेटन गावी भावासह सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर राइट याने हाच प्रश्न पुष्कळांना विचारला, आणि त्यालाही हेच उत्तर मिळाले. पण खरा प्रकार उलटा आहे. स्वार नकळत हँडल किंचित उजवीकडे नेतो. चाके उजवीकडे सरकतात, अंग डावीकडे कलते, आणि मग वळण सुरू होते. स्कॉटलंडच्या रँकिन या अभियंत्याने १८६९ सालीच ही गोष्ट लिहून ठेवली होती. करतो सारेच, पण सांगता कोणालाच येत नाही!

कलायचे तरी कशाला? वळविणारा जोर रस्ता चाकांना, म्हणजे तळाशी देतो. आपण ताठ राहिलो, तर वरचे अंग बाहेर फेकले जाईल. कलले की आपलेच वजन त्याला तोलून धरते. मात्र वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट लागतो. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटरने घेताना सुमारे २७ अंश कलावे लागते. ताशी ७२ ला तेच ६४ अंशांवर जाते. तेवढी पकड साध्या टायरला कोठून असणार? गाडी घसरणारच.

पूर्वीचे शर्यतपटू गाडीशी सरळ रेषेत बसत. फिनलंडचा यार्नो सारिनेन हा १९७२ चा २५० सीसी गटातील जगज्जेता. तो आतल्या बाजूस अंग झुकवून गुडघा बाहेर काढी. १९७३ साली इटलीत मोंझा येथे शर्यतीतच त्याचा अंत झाला. पुढे अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने हीच ढब रूढ केली आणि १९७८ पासून ओळीने तीनदा ५०० सीसीचे जगज्जेतेपद मिळविले. अंग आत झुकले की त्याच वेगाला गाडी कमी कलवावी लागते, हे त्यातले मर्म. गुडघा टेकणे ही नुसती ऐट नव्हे.

आता आपल्या घाटातले पाहा. तेथे वळणावर वाळू असते, शेण असते, समोरून एस. टी. येते. रॉबर्ट्सची नक्कल तेथे कामाची नाही. वेग वळणाआधीच उतरवावा, आणि नजर खड्ड्यावर न खिळवता जायच्या वाटेवर ठेवावी. गुरुजींनी शाळेच्या पटांगणात एक सायकल घेऊन मुलांना हे दाखवावे. त्यांतली बरीच मुले उद्या मोटारसायकलीवर बसणार आहेत.