जाहिरातींना सरसकट नकार

'इंडियन ओपिनियन' (डर्बन, १९०३) प्रारंभी जाहिराती छापत असे. पेच निवडीचा होता. जाहिरात आक्षेपार्ह, पण देणारा समाजातील मातब्बर. त्यास दुखवावे कसे? शिवाय चांगले कार्यकर्ते जाहिराती मिळवण्यात आणि थकबाकी वसूल करण्यात गुंतत. जाहिरातदारांची मनधरणी निराळीच!

अखेर गांधीजींनी निवड करणेच सोडले आणि जाहिराती सरसकट बंद केल्या. उत्पन्न बुडाले, मात्र हात लोककार्यासाठी मोकळे झाले. पत्र जगवायचे की नाही, हे आता वर्गणीदारांनी ठरवायचे होते.

पुढे 'यंग इंडिया' व 'नवजीवन'नेही हाच नियम पाळला. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून 'हरिजन' निघाले, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तेही जाहिरातींविनाच. १९३६ साली ते नागपूरशेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेगावात राहावयास आले. नियम कायम राहिला.