झीरो रोबॉटिक्स

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तरंगणाऱ्या छोट्या रोबॉटांसाठी शालेय विद्यार्थ्यांनी आज्ञावली लिहिण्याची स्पर्धा. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी या संस्थेने नासाच्या सहकार्याने ती सुरू केली. या कल्पनेत अवकाशवीर ग्रेग शॅमिटॉफ यांचा मोठा वाटा होता. २००९ मध्ये आयडाहो राज्यातील दोन शाळांपुरती चाचणी झाली. २०१० मध्ये अमेरिकेतील इतर शाळांना प्रवेश मिळाला आणि २०११ मध्ये यूरोपीय अवकाश संस्थेच्या सहभागाने यूरोपातील शाळाही स्पर्धेत उतरल्या.

उपग्रह : स्पर्धेसाठी वापरलेले ‘स्फीअर्स’ हे चिमुकले उपग्रह मुळात विद्यार्थ्यांचीच निर्मिती. एमआयटीतील प्राध्यापक डेव्हिड मिलर यांनी १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील तरंगता सरावगोळा दाखवून तसाच बनवण्याचे काम आपल्या वर्गाला दिले. त्यातून साकारलेले तीन उपग्रह २००६ मध्ये स्थानकात पोहोचले. प्रत्येक उपग्रह साधारण व्हॉलीबॉलएवढा, १८ बाजूंचा आणि सुमारे ४ किलोग्रॅम वस्तुमानाचा होता. त्याला वीज पेन्सिल सेलमधून मिळे, तर गती १२ तोट्यांतून सुटणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या झोतांनी. आपली जागा तो श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने ओळखत असे.

स्वरूप : दर वर्षी नवा खेळ दिला जाई. २०१२ मध्ये अवकाशातील कचरा हा विषय होता, तर २०१३ मध्ये पृथ्वीकडे येणारा धूमकेतू. संघ संकेतस्थळावरच आज्ञावली लिहीत आणि संगणकी प्रतिरूपावर ती पारखून घेत. प्राथमिक फेऱ्या प्रतिरूपावरच होत. पुढे गेलेल्या संघांना तिघातिघांच्या आघाड्या करून एकच आज्ञावली सिद्ध करावी लागे. अंतिम फेरीत अवकाशवीर दोन उपग्रह हवेत सोडून सामना सुरू करी. त्यानंतर ना दूरनियंत्रण, ना दुरुस्तीची संधी. आज्ञावली दर सेकंदाला एकदा चाले आणि पुढची चाल तीच ठरवी.

खरी कसोटी थांबण्यात असे. वजनरहित अवस्थेत, जमिनीचे घर्षण नसताना, एकदा ढकललेला उपग्रह आपणहून थबकत नाही. लक्ष्य गाठण्याआधीच उलट दिशेने झोत सोडावा लागतो. तो उशिरा सुटला तर उपग्रह लक्ष्य ओलांडून जातो. वारंवार सोडला तर खेळात ठरवून दिलेले इंधन संपते. न्यूटनचे नियम विद्यार्थ्यांना इथे गुणफलकावर दिसत.

पुढील वाटचाल : २०१९ मध्ये स्थानकात ‘ॲस्ट्रोबी’ हे पंख्यांच्या झोतावर तरंगणारे घनाकार रोबॉट आले आणि त्यांनी स्फीअर्सची जागा घेतली. झीरो रोबॉटिक्सची मधल्या इयत्तांसाठीची उन्हाळी स्पर्धा पुढे त्यांच्यावर घेतली जाऊ लागली. जपानच्या अवकाश संस्थेने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘किबो’ रोबॉट प्रोग्रॅमिंग स्पर्धेतही ॲस्ट्रोबीच वापरले जातात.

महत्त्व : या स्पर्धेत रोबॉट बांधावा लागत नाही आणि प्रवेशशुल्कही नसते. रोबॉट सर्वांना सारखाच असल्यामुळे शाळेची श्रीमंती निकालात उतरत नाही. निकाल ठरतो तो केवळ आज्ञावलीवर.