शिष्यवृत्ती : दान की देणे?



होतकरू विद्यार्थ्याला द्रव्यसाहाय्य करावे आणि त्या साहाय्याला एखाद्या दिवंगताचे नाव जोडावे, ही चाल आपल्या प्रांतात जुनी आहे. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेचा पैसा इंग्रजी अमदानीत हळूहळू विद्येच्या खात्याकडे वळला. त्यातूनच पुढे ‘दक्षिणा फेलो’ निर्माण झाले व न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक होते. मुंबईत नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती असे. चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ साली मिळविली. आपल्या घरांतून वडीलधारी माणसे अजूनही ही नावे अभिमानाने घेतात. परंतु देशमुख मॅट्रिक झाले त्या काळी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या वारल्याच्या मुलापुढे मॅट्रिक तर राहोच, पहिली इयत्तादेखील दुरापास्त होती. असे का व्हावे?

मुले बुद्धीने मंद आणि आईबाप अडाणी, असे याचे उत्तर पुष्कळ वर्षे दिले जाई. इतिहास निराळे सांगतो. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने जंगलाभोवती कुंपण घातले. डहाळ्या, पालापाचोळा जाळून राब करावा आणि त्या राखेत भाताचे, नाचणीचे बी पेरावे, ही डोंगरकडच्या शेतकऱ्याची रीत. ती अधिकाऱ्यांच्या दृष्टीने जंगलाची नासाडी ठरली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली, की १८८५ साली सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले, आणि त्या कमिशनपुढे या राबाचीच चर्चा मोठी झाली. पण जंगल सुटले ते सुटलेच. जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली, आणि तिच्यामागून माणूसही गेला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी जमीनदाराच्या घरी राबत राहायचे, याला ‘लग्नगडी’ असे नाव होते. बापच जिथे गहाण, तिथे मुलाची पाटी कोण विकत घेणार?

१९३७ साली खेर मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच सुमारास सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी करून अहवाल लिहिला. त्यातली वेठीची व मारहाणीची हकीगत वाचून आजही मान खाली जाते. बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापिले. आणि १९४५ साली वारली स्वतःच उभे राहिले. शामराव व गोदावरी परुळेकर या कम्युनिस्ट दांपत्याने किसान सभेच्या वतीने त्यांना संघटित केले होते. मागणी ती काय? पाचशे पौंड गवत कापल्याबद्दल अडीच रुपये मजुरी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसे मेली. जेठ्या गांगड हा त्यांतला एक. परुळेकरांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, वेठ मोडली ती या लढ्याने.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. पुढे दोघींनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे त्यांच्या ध्यानात आले, की मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात. सर्वसामान्य शिक्षणाधिकाऱ्याने हजेरीपटावर लाल शेरा मारला असता. या बायांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. आमच्या मते विसाव्या शतकातल्या मराठी शिक्षणविचारातली ही फार मोठी गोष्ट आहे, पण शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांबाहेर तिचे नाव क्वचितच निघते. हिचे मोल कळायला कॅनडाकडे पाहावे. तिथे मूलनिवासींची मुले पिढ्यान्‌पिढ्या घरून उचलून निवासी शाळांत कोंडली गेली. या अन्यायाची चौकशी करून समेटाचा मार्ग सुचविणाऱ्या आयोगाने २०१५ साली आपला अहवाल पुरा केला. तिथे शाळेने मुलाला घरापासून तोडले, आणि इथे कोसबाडला शाळा मुलाच्या मागे रानात गेली.

उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा इतिहासही असाच बोलका आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना अमेरिकेस जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. ती एका उदार राजाची मेहेरबानी होती. तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि १९४४ पासून त्या सुरू झाल्या. १९४८ मध्ये त्या आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाल्या. ज्याने मेहेरबानी घेतली त्यानेच तिचा हक्क करून दाखविला, असे उदाहरण दुसरीकडे शोधावेच लागेल.

हक्काचा हा शब्द कायद्याने फार उशिरा उच्चारला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. या कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि गावाने आपला बांबू स्वतः विकून दाखविला. ज्यांना १८७८ साली जंगलाचे वैरी ठरविले, तेच जंगल राखू शकतात, असा याचा अर्थ. पण राखायचे म्हणजे हिशेब, नकाशे, वनस्पतिशास्त्र, कायदा हे सारे आले. म्हणजे पुन्हा शिक्षण आले. झारखंड सरकारने हे ओळखले. संविधान सभेतले आदिवासी पुढारी व १९२८ च्या ऑलिंपिकमधले हॉकी कर्णधार जयपालसिंग मुंडा यांच्या नावाने तिथे परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती निघाली. २०२१ साली तिच्या पहिल्या तुकडीतले सहा विद्यार्थी विलायतेस गेले, आणि त्यांतल्या काहींनी हवामानबदल हाच विषय घेतला.

हे सारे मीरा-भाईंदरच्या सभागृहात का सांगतो, असे कोणी मनात म्हणत असेल. एक तर काशीमिरा, चेणे भागात, डोंगराच्या कडेला, आपल्या हद्दीतच आदिवासी पाडे आहेत. दुसरे कारण याहून मोठे आहे. आपली नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. २०११ च्या शिरगणतीत आपण आठ लाखांवर गेलो. एवढ्यांची तहान भागविण्यासाठी सूर्या नदीचे रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी या शहरासाठी योजिले आहे. ती सूर्या डहाणू-विक्रमगडकडची, म्हणजे वारल्यांच्या मुलुखातली. धामणी धरणाखाली आदिवासींची घरे-शेते गेली. धरण बांधले ते शेतीच्या भिजवणीसाठी, आणि त्याचे पाणी शहरांकडे वळू नये म्हणून तिथल्या लोकांनी मोर्चेही काढले. तेव्हा आपण जो पेला तोंडाला लावणार, त्याचा हिशेब तलवाड्याच्या गवतापर्यंत मागे जातो.

म्हणून माझी सूचना आहे. या व्याख्यानमालेने सूर्येच्या खोऱ्यातल्या एका आदिवासी मुलाला वा मुलीला दरसाल शिष्यवृत्ती द्यावी. विषय जंगलाचा, पाण्याचा वा वनहक्काचा असावा, आणि तो विद्यार्थ्याने निवडावा. नाव कोणाचे द्यावे याचा विचार मी पुष्कळ केला. देणगीदाराच्या तीर्थरूपांचे तर नकोच. जेठ्या गांगडाचे द्यावे. शिक्षण संपल्यावर त्या विद्यार्थ्याने याच व्यासपीठावर एक व्याख्यान द्यावे, आपण समोर बसून ऐकावे. दुसरी अट घालू नये. रकमेचा आकडा आज सांगत नाही, तो प्रत्येकाने आपल्या पाणीपट्टीच्या पावतीवरून काढावा. मात्र वर्ष सरल्यावर शिष्यवृत्ती हाती येण्याची जी जुनी खोड आहे ती इथे नको. पहिला हप्ता जूनमध्ये, कॉलेजे उघडण्याआधी, पाड्यावर पोचलेला असावा.